फ्रिजचा निचरा : एक दुर्लक्षित जयणा

रोजमेळात दोन रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत दुकान न वाढवण्याची शिस्त आपल्या व्यापारी घराण्यांनी पिढ्यानुपिढ्या जपली आहे. रक्कम क्षुल्लक असते. पण फरक का पडला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. याच घरांतल्या स्वयंपाकघरात मात्र फ्रिजच्या भाजीच्या कप्प्याखाली रोज वाटीभर पाणी साचते, ते रोज फडक्याने टिपले जाते, आणि त्याचे कारण विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही. ‘फ्रिज जुना झाला’, ‘गॅस कमी झाला असेल’, ‘पावसाळ्यात असे व्हायचेच’, ही उत्तरे ठरलेली असतात. वस्तुतः अशा पाण्याचा गॅसशी किंवा फ्रिजच्या वयाशी बहुधा काहीच संबंध नसतो. फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड, तळाशी, पाणी वाहून जाण्यासाठी एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. ते कचऱ्याने बुजलेले असते किंवा बर्फाने गोठलेले असते, इतकेच.

हा विषय केवळ गृहोपयोगी यंत्राच्या दुरुस्तीचा असता, तर या मासिकात त्याला जागा मागण्याचे कारण नव्हते. परंतु साचलेले पाणी आणि त्यावर धरणारी बुरशी हा आपल्या आचारधर्माचाही विषय आहे. सामायिक करताना आपण जे इरियावहियं सूत्र म्हणतो, त्यात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली आहे, त्यांत ‘ओसा’ म्हणजे दव आणि ‘पणग’ म्हणजे पंचवर्णी बुरशी-शेवाळ यांचा नावानिशी उल्लेख आहे. शेवाळ आणि बुरशी यांची गणना आपल्याकडे साधारण वनस्पतिकायात, म्हणजे अनंतकायात होते. कंदमुळाचा एक तुकडा ताटात येऊ नये म्हणून जी गृहिणी डोळ्यांत तेल घालून जपते, तिच्याच फ्रिजच्या तळाशी नकळत अनंतकायाची वाढ होत असते. दोष तिचा नाही. ते छिद्र कोठे आहे, हे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

पाणी येते कोठून?

फ्रिज पाणी तयार करत नाही. ते आपणच आत नेतो. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते. भाज्या, फळे, झाकण नसलेली भांडी यांतूनही बाष्प निघते. हे बाष्प सर्वांत थंड जागी, म्हणजे शीतक खेळवणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ होऊन बसते. या जाळीला कारागीर ‘कॉइल’ म्हणतात.

आजकालच्या दोन दारी ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रिजमध्ये ही कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड किंवा प्लास्टिकच्या पडद्याआड लपलेली असते. कॉम्प्रेसर साधारणपणे सहा ते बारा तास चालला की एक टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक पट्टी त्याला थांबवते आणि कॉइलजवळचा लहान हीटर सुरू करते. काही मिनिटांत बर्फ वितळतो. कॉइल पुरेशी गरम झाली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. वितळलेले पाणी कॉइलखालच्या उतरत्या पन्हळीत पडते, पन्हळीच्या मध्यावरील छिद्रातून निचऱ्याच्या नळीत उतरते आणि फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळ ठेवलेल्या उथळ तसराळ्यात जमा होते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते तेथून हळूहळू उडून जाते. सारे काही ठीक असेल, तर वर्षानुवर्षे हे पाणी आपल्या दृष्टीसही पडत नाही.

एक दारी फ्रिजमध्ये हीटर नसतो. थंडाव्याच्या गुंडीच्या मध्यभागी असलेले बटण दाबून बर्फ वितळवावा लागतो. पाणी फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये आणि तेथून मागच्या भिंतीवरील छिद्राकडे जाते. काही फ्रिजमध्ये हे छिद्र भाजीच्या कप्प्यामागे, भिंतीच्या अगदी तळाशी असते. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ते नेमके कोठे आहे, हे सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेतील आकृतीत पाहून घ्यावे.

अडथळा दोन प्रकारचा

पहिला प्रकार कचऱ्याचा. कोथिंबिरीचे पान, मटाराचे साल, पिशवीचा फाटका तुकडा, डबीवरून सुटलेली चिठ्ठी, सांडलेल्या दुधाचा थेंब हे सारे पाण्याबरोबर छिद्राकडे ओढले जाते. काही महिन्यांत त्याचा बुळबुळीत गोळा बनतो. नळीच्या खालच्या टोकाला काही फ्रिजमध्ये रबराची चपटी तोटी असते. बाहेरची गरम हवा आत येऊ नये म्हणून तिचे ओठ मिटलेले राहतात व पाणी आले की उघडतात. हे ओठ चिकटून बसले, तरी वरचे पाणी अडते.

दुसरा प्रकार बर्फाचा. पन्हळीतील पाणी वेळेत खाली उतरले नाही, तर हीटर बंद होताच ते तेथेच गोठते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे छिद्रात पक्के बूच बसते. पुढच्या फेरीचे पाणी या बुचावर साचून पुन्हा गोठते. असे थरावर थर चढत फ्रीझरच्या तळाशी काचेसारखी लादी तयार होते, आणि जे पाणी गोठत नाही ते फटींतून खालच्या कप्प्यात झिरपते.

म्हणून खुणा ओळखाव्यात. फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी, भाजीच्या कप्प्याखाली स्वच्छ पाण्याचे थारोळे, फ्रिजच्या पुढच्या पायांशी ओल, आणि मागचे तसराळे मात्र कोरडे ठणठणीत, हे चारही एकत्र दिसले तर निदान जवळपास पक्के समजावे. उलटपक्षी, खालचा कप्पा मुळी थंडच होत नसेल आणि फ्रीझरच्या मागच्या भिंतीवरही बर्फ फुगून आला असेल, तर हीटर, टायमर किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असण्याची शक्यता अधिक. ते काम कारागिराचे.

दुरुस्तीचा क्रम

हे काम सकाळी, घरात माणसे असताना हाती घ्यावे.

प्रथम प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. फ्रिजखाली ओल असेल, तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करावा, कोरडी चप्पल घालावी, कोरड्या हातानेच प्लगला हात लावावा.

त्यानंतर सामान हलवावे. दार मिटलेले राहिले, तर वीज नसतानाही खालच्या कप्प्यातील पदार्थ साधारण चार तास थंड राहतात. पण येथे दार उघडे ठेवायचे आहे. दूध, दही, ताक शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये पाठवावे. घरात इन्शुलिन असेल, तर त्याची व्यवस्था सर्वांत आधी करावी. न वापरलेले इन्शुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिले पाहिजे, आणि ते एकदा गोठले की निरुपयोगी होते. म्हणून ते बर्फाला चिकटवून ठेवू नये.

आता दोन्ही दारे उघडी टाकून बर्फ आपोआप वितळू द्यावा. तळाशी जुनी सुती फडकी आणि पुढे परात ठेवावी. थर जाड असेल तर आठ-दहा तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. पंखा समोर लावला तर वेळ वाचतो. घाई करण्यासारखे येथे काहीच नसते.

बर्फ उतरल्यावर छिद्र शोधावे. फ्रीझरच्या तळाशी किंवा मागे ते दिसत असेल, तर आजूबाजूचा कचरा मऊ फडक्याने अलगद टिपून घ्यावा. पुंजणीने जागा पुंजण्याची आपली जी रीत आहे, तोच हळुवारपणा येथे उपयोगी पडतो. खरवडल्याने प्लास्टिकवर ओरखडे उठतात आणि पुढची बुरशी त्याच ओरखड्यांत घर करते.

मग सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये, हाताला सोसेल एवढे कोमट पाणी भरून ते छिद्रात थोडे थोडे सोडावे. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घातला, तर चिकटपणा सुटण्यास मदत होते. पाणी तुंबून वर येत असेल, तर सलाईनला वापरतात तसली पातळ, लवचीक प्लास्टिकची नळी छिद्रातून हलकेच खाली सरकवावी, गोल फिरवावी, पुन्हा पाणी सोडावे. मागच्या बाजूस निचऱ्याची नळी हाती लागत असेल, तर तिच्या टोकाची रबरी तोटी काढून धुवावी आणि होती तशी बसवावी.

शेवटी परीक्षा घ्यावी. पेलाभर पाणी छिद्रात ओतावे आणि मागच्या तसराळ्यात पाहावे. जितके ओतले तितके पाणी विनासायास खाली आले, तर मार्ग मोकळा झाला. तसराळेही या निमित्ताने रिकामे करून पुसावे. कित्येक घरांत फ्रिज आणल्यापासून ते कोणी पाहिलेलेही नसते. कॉम्प्रेसर बराच वेळ बंद असल्याने यावेळी तेथे हात पोळण्याचे भय नसते. आतला भाग कोरडा करून, फ्रिज भिंतीपासून योग्य अंतरावर ठेवून, मगच प्लग लावावा.

हे मात्र करू नये

सुरी, स्क्रू-पिळणी किंवा उलथने घेऊन बर्फ फोडू नये. कॉइलची नळी पातळ असते. एक टोचा बसला की सगळा गॅस निघून जातो आणि पेलाभर पाण्याचे काम हजारो रुपयांवर जाते. शिवाय अलीकडच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए नावाचा, म्हणजे आयसोब्युटेन, वायू असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. त्यामुळे आत मेणबत्ती, शेगडी किंवा विजेची गरम उपकरणे नेणे सर्वथा टाळावे. केस वाळवण्याच्या यंत्राने बर्फ वितळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने तोही मानू नये.

उकळते पाणी ओतू नये. थंड प्लास्टिकला त्याने तडा जातो. आणि आपल्यासाठी दुसरे कारण त्याहून मोठे आहे, ते पुढे सांगतो. छिद्रात लोखंडी तार घालू नये. नळीला भोक पडले की पाणी भिंतीतील थर्माकोलसारख्या भरावात मुरते आणि मग इलाज राहत नाही. मागचा पत्रा उघडून कॉइल उघडी करणे हेही घरच्याने करू नये. त्याच्या कडा धारदार असतात आणि आत हीटरच्या तारा असतात.

नळी मोकळी करूनही महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा गोठत असेल, तर कारण वेगळे आहे. काही फ्रिजमध्ये हीटरपासून छिद्रात उतरणारी धातूची एक छोटी पट्टी असते. हीटरची ऊब ती छिद्रापर्यंत पोहोचवते. ती निसटलेली असू शकते. कारागीर आला की ही पट्टी जागेवर आहे का, एवढे अवश्य विचारावे. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे दाराचे सैल रबर. ते तपासण्यासाठी कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती थोडा विरोध करत निघाली तर रबर ठीक. सहज निसटली तर तेथून दिवसरात्र दमट हवा आत जात आहे. चारी बाजूंनी अशी पाहणी करण्यास दोन मिनिटे पुरतात.

दुकानातील थंड पेट्या

आपल्यापैकी अनेकांची औषधांची, किराणा मालाची, दूध-आइस्क्रीमची दुकाने आहेत. तेथील आडव्या, वर उघडणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये बहुधा आपोआप बर्फ वितळण्याची सोय नसते. तळाशी एक बूच आणि बाहेर त्याचे तोंड असते. बर्फ वितळवण्यापूर्वी दोन्ही उघडून खाली भांडे ठेवावे लागते. बूच उघडायचे विसरले तर पाणी आतच साचते, पेटी सुरू करताच त्याची पुन्हा लादी होते. भिंतीवरील बर्फाचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटर झाला की वितळवण्याची वेळ आली असे समजावे. बर्फाचा थर म्हणजे थंडावा अडवणारी गोधडी; तो वाढला की कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि वीजबिल वाढते.

काचेच्या दाराच्या उभ्या कूलरमध्ये निचऱ्याची नळी व तसराळे असतेच. औषधांच्या दुकानात तर याकडे विशेष लक्ष हवे. लसी आणि इन्शुलिनची खोकी पुठ्ठ्याची असतात. झिरपलेल्या पाण्याने ती भिजली की त्यावरील मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक पुसट होतात, आणि आतले औषध निर्दोष असले तरी असा माल ग्राहकाच्या हाती देता येत नाही. तसेच निचरा गोठून हवेचा मार्ग अडला, तर एका कोपऱ्यात तापमान 2 अंशांखाली आणि दुसऱ्या कोपऱ्यात 8 अंशांवर जाऊ शकते. ते औषध घेणाऱ्या रुग्णाला यातले काही कळणार नसते. तो आपल्या दुकानाच्या नावावर विश्वास ठेवून ते घेतो.

जयणेचा प्रश्न

आता मघाशी बाजूस ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. नळीत एकदा बुरशी धरली की आपल्यासमोर दोनच मार्ग उरतात. ती तशीच राहू द्यावी, तर वाढ चालूच राहते. ती काढावी, तर विराधना होते. उकळते पाणी किंवा तीव्र रसायन ओतणे हा बाजारात सर्वांत सोपा मानला जाणारा उपाय आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत जड आहे. कोमट पाण्याने व हळुवार हाताने विराधना कमी होते. पूर्ण टळते असे म्हणणे खरे होणार नाही. एकदा वाढ झाल्यावर निर्दोष मार्ग शिल्लक राहत नाही. तो असतो वाढ होण्यापूर्वी, जागा कोरडी ठेवण्यात. आपल्या पूर्वाचार्यांनी पाणी गाळण्याचा, भांडी कोरडी करून ठेवण्याचा, ओल साचू न देण्याचा जो आग्रह धरला, त्याचा अर्थ हाच आहे. उकळलेल्या पाण्याची मर्यादाही पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर अशी ऋतूनुसार ठरवली आहे. पावसाळ्यात ती सर्वांत कमी आहे. ज्या ऋतूत ही मर्यादा आखडते, त्याच ऋतूत फ्रिजमध्येही सर्वाधिक बाष्प शिरते.

बर्फाचेही तसेच. बावीस अभक्ष्यांच्या परंपरागत यादीत हिमाचा समावेश आहे, आणि अनेक घरांत बर्फ खाल्ला जात नाही. मग कोणाच्याही उपयोगाचा नसलेला बर्फाचा थर फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने वाढू देणे, ही अप्कायाची निष्कारण विराधनाच होय.

वितळलेले आणि तसराळ्यातील पाणी कोठे टाकावे, हेही सांगितले पाहिजे. साधू-साध्वी परिष्ठापनिका समितीनुसार कोणतीही वस्तू निर्जीव, कोरडी जागा पाहून परठवतात. गृहस्थानेही हे पाणी मोरीत किंवा गटारात न ओतता, गच्चीवर किंवा अंगणात, जेथे मुंग्या नाहीत व गवत नाही अशा जागी पातळ पसरून टाकावे, म्हणजे ते लवकर सुकते. बुरशी टिपलेले फडके पिळून ठेवू नये. सावलीत पसरून वाळू द्यावे. याविषयी अधिक सूक्ष्म शंका असल्यास आपल्या गुरुमहाराजांना विचारणे उत्तम.

वर्षातून दोनदा

या सगळ्याचा भार वाटू नये म्हणून एक साधी पद्धत सुचवतो. निचऱ्याची पूर्ण तपासणी वर्षातून दोनदा करावी : एकदा आषाढात, चातुर्मास बसण्यापूर्वी आणि एकदा कार्तिकी पौर्णिमेनंतर. पहिल्या वेळी आपण पावसाळ्याच्या दमट हवेची तयारी करतो. दुसऱ्या वेळी तिने मागे ठेवलेले काढून टाकतो. पेलाभर पाणी छिद्रात ओतून ते मागे उतरते का पाहणे, तसराळे पुसणे आणि दाराच्या रबरात कागद धरून पाहणे एवढे काम आहे. महिन्यातून एकदा भाजीचे कप्पे काढून तळ कोरडा करावा. गरम भांडे आत ठेवू नये, ओल्या भाज्या पुसून ठेवाव्यात, प्रत्येक भांड्यावर झाकण असावे आणि दार विचार करत उघडे धरू नये. ज्या घरांत शिजवलेले अन्न रात्र उलटल्यावर चालत नाही, तेथे फ्रिजमध्ये सामान मुळातच थोडे असते. त्यांना तर हे आणखी सोपे आहे.

फ्रिजच्या आतल्या बाजूस, दारावर, एक छोटी चिठ्ठी चिकटवून तपासणीची तारीख लिहीत जावी. दुकानातील पेटीसाठी हीच नोंद वहीत घ्यावी, म्हणजे नोकर बदलला तरी काम राहत नाही. ही नोंद नियमित राहिली, तर कारागिराला बोलावण्याचे प्रसंग आपोआप कमी होतील, घरातील वडीलधारी मंडळी ओल्या फरशीवरून घसरण्याचे भय टळेल, आणि भाजीच्या कप्प्याखालचे फडके कोरडेच राहील.